कोची फेरीबोटीने कसं बघायचं? नाशिकहून निघणाऱ्या कुटुंबासाठी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरअखेर नाशिकहून केरळला निघालाय. मुन्नारला जाण्याआधी कोचीत दोन दिवस हाताशी आहेत. सोबत गुडघेदुखीचा त्रास असलेल्या सासूबाई आणि शाळकरी दोन मुलं. एजंटने दिवसभराची टॅक्सी आणि संध्याकाळी ‘सनसेट क्रूझ’ असं पॅकेज दिलंय. पण जुनं कोची फेरीबोटीनेच बघतात असं तुमच्या कानावर आलंय. ते खरंच जमतं का, सुरक्षित आहे का आणि सुरुवात कुठून करायची?

जमतं. आणि माझं स्पष्ट मत सांगायचं तर जुनं कोची बघायची हीच रीत आहे. मी नाशिकहून छोटे गट घेऊन दक्षिणेत जातो आणि केरळ असलं की कोची असतंच. टॅक्सीने फिरलेली माणसं परतीच्या गाडीत चर्च, राजवाडा, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) अशी नावं सांगतात, आणि कुठलं कुठे होतं यात त्यांचा गोंधळ उडतो. बोटीने गेलेली माणसं मात्र ‘हे बंदर इथेच का झालं असेल’ यावर वाद घालतात. फरक एवढाच आहे, पण माझ्या दृष्टीने तो मोठा आहे.

आधी एक समज काढून टाकू. आपल्याकडे बोट म्हणजे सुट्टीची मजा. गंगापूर धरणावरचा बोट क्लब, नाहीतर मुंबईला गेल्यावर गेटवेहून एलिफंटा. गोदावरीतून कुणी रोज ऑफिसला जात नाही. त्यामुळे आपला माणूस एर्नाकुलमच्या जेट्टीवर उभा राहिला की ‘बोटिंगचं तिकीट कुठे मिळतं’ असं विचारतो, आणि बाहेर उभे असलेले खासगी बोटवाले त्याला लगेच हेरतात. तिथली सरकारी फेरी म्हणजे नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून सुटणारी सिटी बस समजा. वेळेवर सुटते, तिकीट जेमतेम काही रुपये असतं, शेजारी शाळेची पोरं, नर्स, मासळीची टोपली घेतलेल्या बायका बसलेल्या असतात. तिच्यात गाणी नाहीत आणि गाईडही नाही. तुम्हाला हवं ते सगळं खिडकीबाहेर आहे.

आता भूगोल, कारण तो डोक्यात बसला की बाकी सगळं सोपं होतं. पूर्वेला मुख्य भूमीवर एर्नाकुलम. रेल्वे स्टेशन, हॉटेलं, बाजार, हायकोर्ट सगळं तिथे. पश्चिमेला समुद्राच्या कडेची जमिनीची पट्टी, तिच्या उत्तर टोकाला फोर्ट कोची आणि आतल्या, म्हणजे खाडीच्या बाजूला मट्टांचेरी. मधल्या पाण्यात विलिंग्डन बेट. उत्तरेला बोलगाट्टी आणि वल्लारपाडम ही बेटं. फोर्ट कोची आणि त्याच्यासमोरचं वायपिन बेट यांच्यामध्ये जी फट आहे, तेच बंदराचं तोंड. पलीकडे थेट अरबी समुद्र.

हे तोंड कोचीचं भाग्य ठरलं. पेरियार नदीला १३४१ साली मोठा पूर आला, उत्तरेचं मुझिरिसचं प्राचीन बंदर गाळाने निकामी झालं आणि इथली वाट मोकळी झाली, असं सांगितलं जातं. पुढे मिऱ्यांच्या मागावर जो तो इथूनच आत शिरला. १५०० सालच्या डिसेंबरात पोर्तुगीज काब्राल आला, १५०३ मध्ये पोर्तुगीजांचा किल्ला उभा राहिला, १६६३ मध्ये डचांनी तो घेतला आणि १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांना हटवलं. हे सगळे पाण्यातून आले. त्यांच्या वखारी, गोदामं, राजवाड्यासमोरचा धक्का, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे आहेत. टॅक्सी तुम्हाला पुलांवरून वळसा घालून या सगळ्याच्या पाठीमागच्या दाराशी नेऊन सोडते. म्हणून मी बोटीचा आग्रह धरतो.

पहिल्या दिवशी सकाळी नाश्ता करून नऊ-साडेनऊच्या सुमारास एर्नाकुलमच्या मेन बोट जेट्टीवर या. एर्नाकुलम जंक्शनपासून रिक्षाने फार तर दहा मिनिटं लागतात. तिथून राज्य जलवाहतूक विभागाच्या बोटी सुटतात. खिडकीवर तिकीट काढताना ‘मट्टांचेरी’ मागा, फोर्ट कोची नको. बहुतेक पर्यटक आधी फोर्ट कोचीला जातात आणि तिथेच त्यांचा दिवस फसतो. दुपारी मट्टांचेरीला पोचतात तेव्हा सिनेगॉग जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झालेलं असतं, ऊन डोक्यावर असतं आणि मुलं कंटाळलेली असतात. सकाळी मट्टांचेरी, संध्याकाळी फोर्ट कोची, हा क्रम मोडू नका. मट्टांचेरीच्या बोटी फोर्ट कोचीच्या मानाने कमी असतात, म्हणून आदल्या संध्याकाळी जेट्टीवरच्या फळ्यावर वेळा बघून ठेवा. सुट्टे पैसे जवळ असू द्या.

बोटीत चढलात की उजव्या हाताची, शक्यतो पुढची जागा धरा. बोट एर्नाकुलम सोडते तेव्हा उजवीकडे बोलगाट्टीची झाडी दिसते. तिच्यात डचांनी १७४४ मध्ये बांधलेला राजवाडा आहे, आता तिथे सरकारी हॉटेल आहे. त्याच्या पुढे वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या भल्यामोठ्या क्रेन. डावीकडे विलिंग्डन बेट येतं, आणि मुलांना इथे एक गोष्ट जरूर सांगा: हे बेट माणसाने केलेलं आहे. बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध होता, मोठ्या जहाजांना आत येता येत नसे. रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंजिनिअर १९२० मध्ये आला, त्याने तो बांध कापून खोल वाट काढली आणि उपसलेल्या गाळाच्या भरावातून हे बेट उभं केलं. १९२८ मध्ये ‘पद्मा’ ही आगबोट त्या नव्या वाटेने आत आली. बेटाला नाव मिळालं तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांचं.

बेटाचं उत्तर टोक ओलांडलं की उजव्या अंगाला एकदम उजेड वाढतो, वारा बदलतो. तेच बंदराचं तोंड. लांबवर किनाऱ्याला चिनी जाळ्यांच्या लाकडी कमानी दिसतात. डोळे उघडे ठेवले तर इथे डॉल्फिनही दिसतात. ते तोंडाशी मासळीच्या मागे येतात. मग बोट डावीकडे वळून मट्टांचेरीच्या खाडीत शिरते, आणि उजवीकडे सुरू होते जुन्या गोदामांची रांग. कौलारू छपरं, पाण्यात उतरलेल्या पायऱ्या, गोण्या चढवायला ठेवलेली रुंद दारं. काहींत आता कॅफे आणि चित्रप्रदर्शनं आहेत, काही अजून मसाल्याचीच आहेत. हा शेवटचा टप्पा जेमतेम काही मिनिटांचा आहे. मोबाईल खाली ठेवून बघा.

जुन्या पद्धतीची बोट मिळाली तर मुलांना सारंगाजवळ उभं करा. सारंग पुढे चाक धरून असतो आणि इंजिन चालवणारा मागे खाली. त्याला पुढचं काही दिसत नाही. सारंग दोरी ओढतो, खाली घंटा वाजते आणि घंटेच्या इशाऱ्यावर इंजिन पुढे, मागे किंवा बंद होतं. धक्क्याजवळ येताना हे इशारे भराभर चालतात. खलाशी कडेला उभा राहून दोरखंडाचा फास धक्क्यावरच्या खुंटाला अडकवतो, बोट टायरवर घासत थांबते. या सगळ्यात कुणी कुणाशी एक शब्दही बोलत नाही.

आता सासूबाईंचं. वर सांगितलेल्या सरकारी फेरीत चढताना धक्का आणि बोट यांच्यात पायरीएवढा, कधी त्याहून जास्त फरक असतो, आणि भरती-ओहोटीप्रमाणे तो बदलतो. खलाशी हात देतात, पण दुखऱ्या गुडघ्याला ती एक ढांगही पुरेशी असते. त्यांच्यासाठी वॉटर मेट्रो घ्या. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेली ही सेवा बॅटरीवर चालणाऱ्या, वातानुकूलित बोटींची आहे. बोटी कोचीन शिपयार्डमध्येच बांधलेल्या. तिचे धक्के पाण्यावर तरंगते आहेत, त्यामुळे भरती असो वा ओहोटी, बोटीची आणि धक्क्याची पातळी एकच राहते, व्हीलचेअरसुद्धा सरळ आत जाते. हायकोर्ट टर्मिनलवरून ती फोर्ट कोचीला जाते, आणि मट्टांचेरीचं टर्मिनलही झालं आहे. तिकीट सरकारी फेरीहून महाग, तरी टॅक्सीच्या मानाने काहीच नाही.

मग सगळ्यांनीच वॉटर मेट्रोने का जाऊ नये? जावं, काही बिघडत नाही. फक्त काच बंद असते. बंदराचा खारट, डिझेलचा, मासळीचा वास आणि तोंडाशी येणारा वारा हे त्यात मिळत नाही. माझा सल्ला असा की जाताना सगळे मिळून वॉटर मेट्रोने मट्टांचेरीला जा, आणि येताना दोघांपैकी एकाने मुलांना घेऊन फोर्ट कोचीहून सरकारी फेरी पकडावी, दुसऱ्याने आईंबरोबर वॉटर मेट्रोने यावं. सुट्टीच्या दिवशी फोर्ट कोचीच्या टर्मिनलवर वॉटर मेट्रोला लांब रांग लागते. बोटीत साधारण शंभर माणसं झाली की फाटक बंद होतं, उभं राहूनही घेत नाहीत. म्हणून आईंना सूर्यास्ताच्या आधीच परत निघू द्या.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारलंत ते योग्यच. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून एलिफंटाला जाणाऱ्या बोटीचा अपघात झाल्यापासून आपल्याकडच्या प्रत्येक गटात हा प्रश्न येतो. केरळातही अपघात झालेत, ते लपवण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये फोर्ट कोचीजवळच मच्छीमार बोट फेरीवर आदळून माणसं गेली. ७ मे २०२३ ला मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ जण बुडाले. तानूरची ती बोट खासगी होती, क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली आणि अंधार पडल्यावर निघालेली. यातून मी माझ्या गटांसाठी साधे नियम केलेत. प्रवासी वाहतुकीची सरकारी फेरी, रो-रो (गाड्या आणि माणसं एकत्र नेणारी बोट) आणि वॉटर मेट्रो, एवढंच. धक्क्याबाहेर हात धरून नेणाऱ्याची बोट नाही. अंधारात खासगी बोट तर नाहीच. बोट गच्च भरली असेल तर सोडून द्यायची, दुसरी येते. लाइफ जॅकेट कुठे टांगलीत ते चढताच बघून ठेवायचं आणि मुलांना कठड्याबाहेर वाकू द्यायचं नाही. तुमची ‘सनसेट क्रूझ’ मी या सगळ्यात बसवणार नाही. तोच सूर्यास्त फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर फुकट दिसतो.

मट्टांचेरीच्या धक्क्यावर उतरलं की राजवाडा अगदी समोर. लोक त्याला डच पॅलेस म्हणतात, पण तो पोर्तुगीजांनी साधारण १५५५ मध्ये बांधून कोचीचे राजे वीर केरळ वर्मा यांना दिला. डचांनी १६६३ नंतर त्याची डागडुजी केली, म्हणून नाव त्यांचं लागलं. बाहेरून साधा, पांढरा, वाड्यासारखा दिसतो आणि त्यामुळे लोक भरभर फिरून बाहेर पडतात. तसं करू नका. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगवलेलं आहे, दशरथाच्या पुत्रकामेष्टी यज्ञापासून अयोध्येला परत येईपर्यंत. गेरूचे लाल, हळदीचे पिवळे, गडद हिरवे रंग. एक प्रसंग कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो हे पहिल्या नजरेत कळत नाही, इतकी दाटी. खोली अंधारी आहे, डोळे स्थिरावेपर्यंत थांबा. तुम्ही पंचवटीची माणसं, सीतागुंफा आणि काळाराम मंदिर बघत मोठी झालेली. गोदाकाठची तीच कथा मलबारच्या चित्रकाराला कशी दिसली, हे आईंना नक्की बघू द्या. नाशिकच्या बायका या खोलीतून लवकर निघत नाहीत, हा माझा अनुभव. राजवाडा शुक्रवारी बंद असतो.

राजवाड्याच्या मागेच ज्यू टाऊनची गल्ली आणि तिच्या टोकाला परदेशी सिनेगॉग, १५६८ सालचं. पोर्तुगीजांनी १६६२ मध्ये त्याची नासधूस केली, डच आल्यावर ते पुन्हा उभं राहिलं. घड्याळाचा मनोरा १७६० चा. आत चपला काढून जायचं. पायाखाली चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या फरशा आहेत. मुलांना दोन सारख्या फरशा शोधायला लावा, तेवढा वेळ ती शांत राहतील. आपल्या अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायल ज्यू तुम्हाला माहीत असतील, तेलाच्या धंद्यावरून ज्यांना शनिवार तेली म्हणत. एकोणिसाव्या शतकात त्यांना धर्मशिक्षण द्यायला कोचीचे ज्यू कोकणात आले होते. म्हणजे ही गल्ली आपल्या किनाऱ्याशी जोडलेली आहे. १९४८ नंतर इथली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, घरांची दुकानं झाली. सिनेगॉग शनिवारी आणि ज्यू सणांना बंद. शुक्रवारचाही भरवसा धरू नका. थोडक्यात, मट्टांचेरीसाठी रविवार ते गुरुवार यांतला दिवस निवडा.

गल्लीतल्या दुकानांत मसाले पर्यटकांच्या भावाने मिळतात. मिरी, वेलची घ्यायचीच असेल तर बझार रोडवर चौकशी करा. जेवणाचं म्हणाल तर मट्टांचेरीत गुजराती व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, गुजराती रोडवर साधं शाकाहारी जेवण मिळतं. आईंना खोबरेल तेलाचा वास चालत नसेल तर इथेच जेवून घ्या.

जवळच चेरलाई भागात गौड सारस्वतांची वस्ती आणि त्यांचं तिरुमल मंदिर आहे. पोर्तुगीजांच्या धर्मछळामुळे गोवा सोडून आलेली ही माणसं, घरात अजून कोकणी बोलतात. यांच्याबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक मराठी गटाला सांगतो. कोचीचा डच गव्हर्नर व्हॅन रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्यासाठी माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्या तिघांचं १६७५ सालचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं आहे, कोकणी भाषेत आणि देवनागरी अक्षरात. आपल्याकडे देवनागरी छापखाने येण्याच्या कितीतरी आधी ही अक्षरं हॉलंडमध्ये कागदावर उमटली, तीही या गल्ल्यांतल्या माणसांची.

दुपारी साडेतीनच्या पुढे रिक्षाने बझार रोडवरून फोर्ट कोचीला या. दोन-तीन किलोमीटर अंतर आहे. तरुण गट असेल तर मी चालवतो, तुमच्यासोबत नको. सेंट फ्रान्सिस चर्च आधी बघा. १५०३ मध्ये आधी लाकडी बांधलं गेलं. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरात कोचीत वारला तेव्हा त्याला इथेच पुरलं होतं, पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. थडग्याची जागा दाखवतात. सांताक्रूझ बॅसिलिका रस्त्यातच आहे, वेळ असला तर डोकावा.

मग चिनी जाळी. ती लांबून सुंदर दिसतात, पण बघायची जवळून. सागवान आणि बांबूच्या दांड्यांना बांधलेलं अवाढव्य जाळं, आणि दुसऱ्या टोकाला दोरांवर एकाखाली एक लोंबणारे मोठे दगड, समतोलासाठी. एक माणूस मुख्य दांडीवरून चालत पुढे जातो, त्याच्या वजनाने जाळं पाण्यात बुडतं. काही मिनिटं थांबतात. मग चार-पाच जण मिळून दोर ओढतात आणि दगड एकामागून एक खाली टेकत जातात. वर आलेल्या जाळ्यात अनेकदा मूठभर मासळीच असते. ते तुम्हाला दोर ओढायला बोलावतील. जा, मुलांना आवडतं. त्याचे पैसे मागतात, ते आधी ठरवा आणि हसत द्या. मासळीपेक्षा आता यावरच त्यांचं बरंचसं भागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळ रिकामी असेल तर मुलांना फोर्ट कोची ते वायपिन रो-रोने न्या. २०१८ पासून चालणाऱ्या या बोटीत मोटारी, रिक्षा, स्कूटर आणि माणसं एकत्र चढतात, पाचेक मिनिटांत पलीकडे. थेट बंदराच्या तोंडातून जाते. मोठं जहाज आत येत असेल तर रो-रो थांबून त्याला वाट देते, तो दिवस मुलांचा.

पाण्यावर हिरवे तुकडे वाहताना दिसतील, ती आपल्या गोदावरीतलीच पाणवेली, म्हणजे जलपर्णी. पावसाळ्यानंतर नद्यांमधून वाहत येते आणि पाणी खारट झालं की मरते. डिसेंबरात कमी-जास्त असतेच.

तारखांचं एक बघा. ३१ डिसेंबरला फोर्ट कोचीत पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाचं प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याचा, मोठा पुतळा जाळतात, सगळा जिल्हा लोटतो, रस्ते बंद होतात आणि बोटींसाठी रात्री उशिरापर्यंत झुंबड असते. तुमच्यासारख्या कुटुंबाने त्या दिवशी दुपारनंतर तिकडे जाऊ नये. बिएनाले हे मोठं कलाप्रदर्शन भरलेलं वर्ष असेल तर एरवीही गर्दी धरून चाला. इतर दिवशी संध्याकाळी साडेपाच ते सातची बोट टाळा, ती घरी जाणाऱ्यांची असते. उतरल्या उतरल्या शेवटच्या बोटीची वेळ विचारून घ्या. हरताळ असला तर बोटीही अडतात, म्हणून आदल्या रात्री हॉटेलात चौकशी करा.

कपडे सुती घ्या. नाशिकची डिसेंबरची थंडी गृहीत धरून स्वेटर घालून निघाल, तिथे दुपारी तीसच्या वर पारा आणि घामाच्या धारा असतात. स्वेटर मुन्नारसाठी बॅगेत खाली ठेवा.

आणि गाडी: मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते आणि कोकण रेल्वेने थेट एर्नाकुलम जंक्शनला नेते, कुठे बदलायची गरज नाही. आईंसाठी खालचा बर्थ हवा असेल तर बुकिंग उघडताच करा, डिसेंबरअखेरची तिकिटं फार लवकर संपतात.